पट्टीवरून दिलेला कुकारा

डोंगराबद्दल लिहितोय म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला पाठ आहे. पहाट. धुकं. कड्याच्या टोकावर दोन्ही हात पसरून उभा राहिलेला कोणतरी. खाली ढग. आणि मग एक वाक्य, की तिथं गेल्यावर माणूस किती लहान आहे ते कळतं.

तसलं काही नाही. मी गेलो तेव्हा भर दुपार होती, नाक गळत होतं, पँट मांडीवर उसवली होती. आणि मी किती लहान आहे ते मला डोंगरानं नाही सांगितलं, काकीनं सांगितलं, खाली घरी आल्यावर.

शिवाय हा तोरणा नाही आणि राजगडही नाही. त्यांच्याबद्दल लिहायला माणसं रांगेत उभी आहेत, तिकडं जा. आमचा आहे तो नुसता एक सुळका. वेल्ह्याच्या पल्याड, शेवटच्या स्टॉपच्या पुढं, जिथं एसटीचा कंडक्टर "हितं उतरणारं अजून कोण हाय का?" असं विचारतो, म्हणजे आपण उतरतोय ही आपलीच चूक असल्यासारखं. वाडी खाली. तिच्या डोक्यावर कारवीचं रान, रानावर गवताळ माळ, माळ संपला की डोंगराचा एक जाडजूड खांदा. खांद्यावरून पलीकडं उतरलं की खिंड. खिंडीत उभं राहिलं की डाव्या हाताला कोकण, एकदम खाली, मधी काही नाहीच. उजव्या हाताला आपलं पाणी, ओढ्याओढ्यानं गुंजवणीत आणि तिथनं नीरेत जाणारं. आणि समोर तो. काळा, उभा, आंबट तोंडाचा.

वाडीत त्याला 'वरचा' म्हणतात. एवढंच. म्हैस हरवली तर "वरच्याच्या अंगाला बघ". पुण्याच्या चढाईवाल्या पोरांनी त्याला इंग्रजी नाव ठेवलंय, त्याचा अर्थ बोट. कुठलं बोट, असं मी विचारलं की ती पोरं हसतात. पुढं विचारायचं मी सोडून दिलं.

आता त्यावर चढायचं कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खिंडीतनं आधी घसारा, म्हणजे सुटी दगडमाती, दोन पावलं वर जायचं आणि एक खाली यायचं. मग कातळ. त्यात पाऊल बसेल एवढ्या खोबण्या आहेत, कुणी केल्या माहीत नाही. मग पट्टी. सुळक्याच्या पोटावरनं आडवी गेलेली जागा, एसटीच्या सीटएवढी रुंद. तिथं बसता येतं, पाणी पिता येतं, आपण हा उद्योग का केला याचा विचार करता येतो. पट्टीच्या टोकाला फट. दोन कातळांमधली उभी चीर. पाठ एका कातळाला, पाय दुसऱ्याला, असं रेटत रेटत वर सरकायचं. आणि फट संपते तिथं 'आंधळं पाऊल'. डावा पाय बाहेर हवेत टाकायचा, जी जागा दिसत नाही तिथं टेकवायचा, टेकलाय असं आपणच ठरवायचं, आणि हात सोडून वरची कड धरायची. कड धरली की माथा. दोन बाजा टाकल्या तर तिसरीला जागा उरणार नाही, एवढासा माथा.

ही वाट मला तात्यांनी सांगितली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. इतक्यांदा सांगितली, की झोपेत विचारलं तरी मी त्यांच्याच आवाजात सांगीन: "पाय आंधळा झाला तरी चालंल, मन आंधळं करू नगंस." त्यांच्याच आवाजात, कारण मी नकला करतो. वाडीची शाळा चौथीला संपते, मग मी भोरला मावशीकडं राहून शिकलो, आणि खरं सांगायचं तर नकलाच शिकलो. गणिताच्या सरांच्या आवाजात वर्गाबाहेरून "गप बसा रे" म्हणलं, तर एकदा मधी बसलेले हेडमास्तरच गप्प बसले. भोरच्या स्टँडवर माईकवाल्याच्या आवाजात गाडी लागल्याचं सांगितलं, आठ-दहा माणसं पिशव्या घेऊन धावली, आणि मी पण धावलो, दुसऱ्या दिशेला.

तर आमच्याकडची रीत. चैत्राच्या पुनवेला वरच्यावर देवाचं नवं निशाण लावायचं. मान आमच्या घराचा. एकानंच जायचं, अनवाणी, उपाशी. भगवं कापड काकी शिवणार, हातानं, कडेला दुहेरी टाका घालून. आता गंमत अशी, की वाडीतनं वरच्याचं टाळकं दिसतच नाही. मधी तो जाडजूड खांदा येतो. मग वर निशाण लागलं हे खाली कळणार कसं? म्हणून कुकारा. कुकारा म्हणजे तोंडाला हाताचा कर्णा करून मारलेली लांब हाक, शब्द नाही, नुसतं 'कूऽऽ', चढत जाणारं. माथ्यावरनं कुकारा आला की काकी चूल पेटवणार. काकीची पेटली की वाडीतल्या सगळ्या. तोवर कुणाकडं धूर नाही. आता गॅस आलेत, तर गॅसही बंद. पोरांना बिस्कीट चालतं, ही सवलत अलीकडची, आणि तीही माझ्या काकीनंच भांडून मिळवलेली.

तात्यांनी वर्षानुवर्षं हे केलं, त्यांच्या आधी त्यांच्या वडलांनी, त्यांच्या आधी त्यांच्या. मग तात्यांचा गुडघा गेला. त्यांना दोन्ही मुली, सासरी. माझ्या वडलांना उंचावर चक्कर येते, त्यांना मांडवावर पण कुणी चढवत नाही. राहिलो मी. सगळ्या वाडीसमोर तात्यांनी माझ्या हातात निशाण दिलं. वडलांची चक्कर माझ्यात उतरलीय का, हे एकानंही विचारलं नाही.

उतरलीय.

पहिल्या वर्षी मी पट्टीपर्यंत गेलो. फटीत शिरलो. वर सरकलो. डावा पाय बाहेर टाकला. आत घेतला. परत टाकला. परत घेतला. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही, पण सकाळचं ऊन होतं ते डोक्यावर आलं. खाली म्हातारीकोतारी उपाशी, सगळी वाडी कान लावून बसलेली, आणि मी फटीत अडकलेल्या बोक्यासारखा एक पाय आत एक पाय बाहेर. शेवटी खाली पट्टीवर आलो, कारवीची काठी एका कपारीत आतवर खोचली, तिला निशाण बांधलं, आणि म्हणलं, देवा, तुला काय, तू हितं पण असशीलच.

मग कुकारा द्यायला उभा राहिलो, तर माझा आवाजच निघंना. भीतीनं नाही. मी माझ्या आवाजात मोठ्यानं कधी काही म्हणलेलंच नव्हतं. मग जो तयार होता तो काढला. तात्यांचा. त्यात अजून एक भानगड. माथ्यावरनं कुकारा दिला की समोरच्या कड्याला आपटून दोनदा परत येतो, एकदा मोठा, एकदा बारीक. पट्टीवरनं एकदाच येतो. तर दुसरा पडसाद मीच दिला. बारीक, लांबून आल्यासारखा, शेवटी जरा कापरा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नक्कल ती, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

खाली आलो तर तात्या अंगणात बाजेवर बसून डोळे पुसतायत. "रगत हाय, रगत! माझाच आवाज आला वरनं!" सगळी वाडी म्हणतेय, व्हय व्हय, हुबेहूब. खुद्द तात्या अंगणात बसलेले असताना डोंगरावरनं तात्यांचा आवाज आला, आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही! मला आमच्या लोकांचं काय करावं कळत नाही. थोडी तरी शंका घ्या की. एखाद्यानं त्याच दिवशी पकडलं असतं तर मी सुटलो असतो.

असं तीन वर्षं.

मग गेल्या थंडीत पुण्याचे चढाईवाले आले. ते आधीपासून यायचे. लई वर्षांपूर्वी त्यांच्या सरांनी, तेव्हा ते तरुण होते, कोकणाच्या बाजूनं कातळात खिळे ठोकून, दोर लावून वरचा सर केला होता. आणि त्यांच्या वहीत, मासिकात, इंटरनेटवर, सगळीकडं लिहिलं होतं, पहिली चढाई. ह्या वेळी ते सरांसकट टेम्पोतनं एक पत्र्याचा बोर्डच घेऊन आले. रंगवलेला, वर सुळक्याचं चित्र, खाली 'या सुळक्यावरील पहिली चढाई' आणि मंडळाचं नाव. वाडीच्या स्टॉपवर लावायचा, ग्रामपंचायतीची परवानगी काढलेली. मी शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांना वाट दाखवतो, चहापोहे देतो, "अजून किती राहिलंय?" ह्या प्रश्नाला दिवसातनं चाळीस वेळा उत्तर देतो. तर बोर्ड उतरवायलाही मीच.

तात्यांनी बोर्ड वाचला. काठीवर भार देऊन दोनदा वाचला.

"पयली?" तात्या म्हणाले. "मग आमी काय घारीच्या पाठीव बसून जात व्हतो का निशाण लावाया?"

सर वाईट माणूस नाही. पांढरी दाढी, उन्हानं भाजलेलं नाक, तात्यांना अहो-जाहो. पण त्यांचा एक शब्द आहे, 'टेक्निकली'. तो आला की माझे दात शिवशिवतात. "काका, तुमच्या श्रद्धेचा आदर आहे. पण टेक्निकली, आम्ही पहिल्यांदा वर गेलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं. निशाण नाही, काठी नाही. चढाईच्या इतिहासात पुरावा लागतो."

"कसं आसंल? त्या साली माझा बाप गेल्याला. सुतक. सुतकात निशाण लागत न्हाई. आन आदल्या सालचं वाऱ्यानं नेलं आसंल."

"असेलही," सर म्हणाले. पण 'असेलही' ते असं म्हणाले, की मी नंतर त्याची नक्कल करून पाहिली, सहा प्रयत्नांत जमली नाही.

दोघांची अर्धा दिवस हीच झुंज. पुरावा, सुतक, पुरावा, सुतक. पोहे गार. मी मधी चहाची किटली घेऊन उभा. शेवटी सरांनीच तोड काढली. "काका, उद्या आम्ही वर जातोय. यंदाचं निशाण वर असेल तर मी स्वतः हा शब्द खोडीन आणि खाली लिहीन, की वाडीतली माणसं आमच्या आधीपासून दोराशिवाय वर जातात. पेंटर बरोबर आहे, डबा बरोबर आहे."

तात्यांचा चेहरा असा उजळला, की मला किटली खाली ठेवावी लागली. "जावा! औंदा चैतात माझ्या पुतण्यानं लावलंय. नवंकोरं. समद्या वाडीनं कुकारा ऐकलाय." आणि माझ्या पाठीवर थाप. "सांग की रं!"

मी म्हणलं, "व्हय." कुणाच्या आवाजात म्हणलं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या गुडघ्याला फडकं बांधून खिंडीपर्यंत आले. कुणी नको म्हणलं तरी आले. बापाचं, आज्याचं, स्वतःचं, सगळं त्या एका निशाणावर लावलं होतं त्यांनी, आणि खिंडीत दगडावर बसून पाहुण्यांना शेंगा वाटत होते. सर आणि दोघं कोकणाच्या अंगानं चढले; त्या वाटेवर आमची पट्टी लागत नाही, नाहीतर तिथंच निकाल लागला असता. आमच्याजवळ त्यांची एक पोरगी थांबलेली, हातात वॉकीटॉकी. मी मनात एकच जप करत होतो, की दोर तुटू नये पण काहीतरी व्हावं. पाऊस यावा. मधमाश्या उठाव्यात. वरच्यावर कायम आग्या मोहोळ असतं, एरवी बघावं तेव्हा हजर, त्या दिवशी एक माशी नाही.

वॉकीटॉकी खरखरला. सरांचा आवाज आला. "वर पोचलोय. निशाण नाही. काठी नाही."

"वाऱ्यानं नेलं आसंल," मी म्हणलं, लगेच. "पावसाळ्यात लई वारं असतंय हितं."

तात्यांनी मान डोलवली. "काठीची खोबण बघा म्हणावं. मधोमध. त्यात बुडखा राहतो मोडून."

पोरीनं विचारलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग सर: "एक खळगा आहे. बुडखा नाही. त्यात गवत आलंय. चांगलं रुजलेलं आहे, एका वर्षाचं नाही."

तात्यांच्या हातात शेंग होती. ती त्यांनी फोडली, दाणे काढले, खाल्ले नाहीत. मग माझ्याकडं बघितलं.

"कुठं लावलंस?"

मला एवढे आवाज येतात. एकही कामाला आला नाही. "पट्टीव," मी म्हणलं.

"तिन्ही साल?"

"तिन्ही साल."

वाटलं, आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तात्या उठले, चपला काढल्या, दगडावर नीट जोडीनं ठेवल्या, धोतराचा काचा मारला आणि घसाऱ्याकडं चालायला लागले.

"काका, काका!" पोरगी ओरडली. वरनं सर ओरडले, "थांबा, फटीतनं दोर सोडतो, बांधल्याशिवाय नको!"

"म्या ह्ये दावं बांधून देवाकडं जाऊ व्हय? म्या काय म्हस हाय?"

ऐकणार नव्हते. कातळ चढून पट्टीवर गेले तरी ऐकेनात, दोर समोर लोंबतोय तरी हात लावीनात. मी मागं. गुडघा थरथरतोय तो मला दिसत होता. मग मी आयुष्यात पहिल्यांदा नक्कल कामाला लावली. मागनं, काकीच्या आवाजात, जरा नाकात: "बांधा की वो! गुडघ्याचं त्याल म्या किती दीस चोळू?"

तात्यांनी दचकून दोर हातात घेतला आणि कमरेला बांधला सुद्धा. मग वळून माझ्याकडं असं बघितलं, की मी शेजारी सोडलेला दुसरा दोर न सांगता बांधला.

पट्टीवरच्या कपारीत माझी तीन निशाणं होती. एक पांढरं पडलेलं, एक अर्धं फाटलेलं, एक बऱ्यापैकी भगवं. तात्यांनी तिन्ही काठ्या एकेक करून उपसल्या, कापडं सोडली, घडी केली आणि माझ्या शर्टाच्या आत कोंबली. मग फटीत शिरले. साठी ओलांडलेला, एका गुडघ्याचा माणूस फटीत असा सरकत गेला जसा आपण घरात जिना चढतो. वरनं सर दोर ओढत होते, पण तो दोर सगळा वेळ ढिलाच होता. मी बघत होतो ना.

मी कसा गेलो ते विचारू नका. रडलो. आंधळ्या पावलाशी थांबलो. वरनं तात्या म्हणाले, "टाक." मी म्हणलं, "दिसत न्हाई." ते म्हणाले, "मला तरी कुठं दिसलं कवा." मी टाकला. पँट तिथं उसवली.

माथ्यावर सर, त्यांची दोन माणसं, तात्या, मी. गर्दीच. तात्यांनी कडेचा एक चपटा दगड दाखवला. "उचला."

"हा?" सर म्हणाले. "हा तर सुटा दगड आहे."

"उचला म्हणतो न्हवं."

दोघांनी लावला जोर. दगडाखाली खड्डा होता आणि खड्ड्यात कापडं. रीतच ती: नवं निशाण लावलं की जुनं खाली टाकायचं नाही, फेकायचं नाही, वाऱ्यानं नेलं नसेल तर त्या दगडाखाली ठेवायचं. मला सांगितलेलं होतं. पण वर गेलोच नाही तर ठेवणार काय. वरची कापडं ओळखू येत होती, कडेला दुहेरी टाका. काकीचा हात. त्याच्या खाली दुसऱ्या कुणाचा टाका, मोठा मोठा. त्याच्या खाली टाका दिसत नव्हता, नुसते काळे, तेलकट, एकमेकांना चिकटलेले पदर. आणि सगळ्यात खाली माती झालेली, पण मातीत अजून विणीचा ठसा होता.

सर गुडघ्यावर बसले. लई वेळ 'टेक्निकली' आलं नाही. मग म्हणाले, "आम्ही ह्याच दगडावर बसून जेवलो होतो तेव्हा."

"देवानं जेवू दिलं तुमाला," तात्या म्हणाले. "फोटू काढा. हात लावू नगा."

मी शर्टातनं माझ्या तीन घड्या काढायला लागलो, आत ठेवायला. तात्यांनी मनगट धरलं. "ती वर आल्याली न्हाईत. तू आणलीस म्हणून आली. जिनं शिवली तिला न्हेऊन दे." आणि मग, "कुकारा दे."

"आज पुनव कुठाय?"

"दे म्हणतो. आन माझा नगं. तुझा."

मी हाताचा कर्णा केला. दम लागलेला, घसा कोरडा, नाक वाहतंय. जो निघाला तो कुकारा नव्हता, रेडकाच्या शेपटीवर पाय पडावा तसलं काहीतरी. पण समोरच्या कड्यानं तो दोनदा परत दिला. एकदा मोठा, एकदा बारीक. मला काही करावं लागलं नाही.

बोर्ड आता स्टॉपवर आहे, येता-जाता बघा. 'पहिली' खोडलंय, वर 'दोर लावून केलेली पहिली' असं केलंय, अक्षर वाकडं आलंय. खाली ओळ आहे की वाडीतली माणसं त्याआधीपासून दर चैत्रात वर जातात. सर माणसांची नावं विचारत होते. तात्या म्हणाले, "वाडीचं लिवा. नावं कशाला, आमची आमाला म्हाईत हायती." सर खिशात पेन ठेवता ठेवता म्हणाले, "टेक्निकली तेच बरोबर आहे," आणि मला त्या शब्दाचा पहिल्यांदा राग आला नाही. थोडाच आला.

तात्या घरी येऊन बाजेवर पडले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मला एक शब्द बोलले नाहीत. ते काम त्यांनी काकीकडं सोपवलं होतं. मी चुलीपुढं बसलो, तीन घड्या खाली ठेवल्या. काकी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं वरची घडी उलगडली, टाका बघितला, बाजूला ठेवली. दुसरी उलगडली. तिसरी नाही उलगडली.

"मला पयल्या वर्सापास्नं ठावं हाय," काकी म्हणाली.

मी तिसरी घडी परत शर्टात कोंबायला लागलो.

"आरं, माथ्याव गेल्याला माणूस कुकारा देतो तवा त्येचा दम निघाल्याला आसतो. तुझ्या तात्यांचा कुकारा म्या इतकी वर्सं ऐकतीया, मधी तुटायचा, सुईत दोरा जात न्हाई तसा. तुझा? आत्ताच च्या पिऊन उठल्यावानी! गोल, गुळगुळीत! बिनदमाचा! म्या तवाच म्हणलं, मुडदा वर गेल्याला न्हाई."

"मग चूल का पेटवलीस?" हे विचारायची काही गरज होती का? पण तोंड माझं.

भाकरी तव्यावर आपटली. "का पेटवलीस! पोरं भुकंनं रडत्यात, शेजारची म्हातारी चक्कर येऊन पडाया झाल्याली, आन म्या काय सांगू, की माझा पुतण्या भ्याला? तुझ्या तात्यांना सांगू? त्ये डोळं पुसत बसल्याले, रगत हाय म्हणून! चूल पेटवली समद्यांसाठी. म्या त्या तिन्ही पुनवेला जेवली न्हाई. कुणी इचारलं? तू इचारलंस? मास्तर, माईकवाला, कंडक्टर, समद्यांची नक्कल करतोस, एकदा तरी बघितलंस का काकीच्या पुढ्यात ताट हाय का न्हाई?"

मी मांडलेली ताटं मोजायला लागलो.

"भ्या वाटतं तर सांगायचं. भ्या वाटल्याचं काय न्हाई, तुझा बाप बी भितो, त्येनं कधी लबाड कुकारा दिला न्हाई. आन आज दिलास त्यो तुझाच व्हता न्हवं? म्या भांडं टाकून अंगणात पळाली, म्हणलं कोण मेलं वर! असला घाणेरडा आवाज म्या जल्मात ऐकला न्हाई." तिनं भाकरी उलटली, पहिली माझ्या ताटात टाकली, आणि उलथनं माझ्या नाकासमोर आणलं. "येत्या चैतात त्योच आवाज पायजेल मला. त्योच. जरा बी गोड काढलास तर बघ, चूल पेटवणार न्हाई, समदी वाडी तुझ्या नावानं उपाशी ठेवीन. आता गिळ. आन आधी त्ये नाक पूस."